हेमलताताईंनी विषय बदलला नाही

आमच्या गढा वस्तीत भाजीवाला "दीदी, आज सुबह की मेथी है" म्हणाला, की आम्ही बाकीच्या बायका भाव विचारतो. हेमलताताई जुडी उलटी करून देठ बघतात. देठ काळे दिसले तर जुडी परत ठेवतात. आता तोही त्यांना सकाळ-बिकाळ सांगत नाही. "देख लो दीदी," एवढंच म्हणतो.

त्या आमच्या शेजारच्या. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. यजमान रांझीच्या फॅक्टरीत होते, ते गेले. मुलगी संपदा पुण्याला. घरात पुस्तकं, आणि मंडळातल्या कुणी काहीही छापायला काढलं की तपासायला यांच्याकडे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाच आठवड्यात दोन मजकूर फिरले. पहिल्यात होतं, येशू ख्रिस्त नावाचा माणूस कधी झालाच नाही. दुसऱ्यात, येशू काश्मिरात येऊन तप करून तिथेच वारला. दोन्हींना त्याच त्या लोकांनी हात जोडले होते. ताई मला म्हणाल्या, "जो झालाच नाही, तो काश्मिरात कसा पोचला गं?" आणि व्याख्यानमालेसाठी त्यांनी विषय कळवून टाकला : येशू होऊन गेला, हे कशावरून?

मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे आले. मी खोव्याची जिलबी द्यायला गेले होते, ती दोघांपुढे ठेवून तिथेच बसले. भय्यासाहेबांच्या हातात त्यांच्या कुलवृत्तांताची कच्ची पानं होती. मराठ्यांच्या चाकरीत इकडे आलेल्या मूळपुरुषापासून नातवापर्यंतची घराण्याची हकिकत, आणि तपासणार अर्थात ताई.

"ताई, काहून तो विषय काढून राहिल्या?" ते म्हणाले. "झाला म्हटलं तर आपले चिडतील, नाही झाला म्हटलं तर ते. चलो, गढ्याच्या इतिहासावर बोला ना."

"जेवढं कळतं तेवढंच सांगीन. कोणी का चिडावं?"

"पण पुरावा काय आहे? अनुयायांनी लिहिलेल्या पोथ्या. आपल्या माणसाबद्दल कोणी वाईट लिहितं का?"

ताई तोवर पानं चाळत होत्या. एका पानावर थांबल्या. त्यावर लाल शाईनं एक परिच्छेद खोडला होता. लढाईत हार झाल्यावर मूळपुरुष गढ्यातल्या एका कुंभाराच्या घरी लपून राहिले आणि ओळखू येऊ नये म्हणून त्याच्या अंगणात माती तुडवत होते, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत.

"हे काहून कापलं?"

"अहो, छापून येणार ते. व्याही वाचतील."

"आणि झोपले असताना नागानं डोक्यावर फणा धरला, ते ठेवलं?"

"ते तर परंपरेनं आलंय."

"हेही परंपरेनंच आलंय की." ताईंनी पान त्यांच्यासमोर धरलं. "फणा कोणीही जोडू शकतं, भय्यासाहेब. त्यानं माणूस मोठा होतो. पण आमचे आजोबा हरून कुंभाराची माती तुडवत होते, हे कोणता नातू मनानं रचेल? घडलं असेल, म्हणूनच टिकलं. तुमचे मूळपुरुष खरेच होऊन गेले, असं मला वाटतं ते या परिच्छेदामुळे. आणि तुम्ही नेमका तोच खोडला."

भय्यासाहेबांनी पान परत घेतलं.

"येशूचंही तसंच," ताई म्हणाल्या. "क्रूसावरचं मरण तेव्हा गुलामांचं, बंडखोरांचं. आमचा तारणहार असा मेला, हे लाज वाटण्यासारखं होतं. तरी त्यांनी तेच सांगितलं."

"मी कमिटीत बोलतो," म्हणून ते उठले. जिलबी तशीच राहिली.

कमिटीचा निरोप आला : विषय बदलावा, ही विनंती. ताईंनी उत्तर धाडलं, "विषय तोच राहील. दिवस हवा तर बदला." कमिटीनं खरंच रविवारची संध्याकाळ काढून घेऊन बुधवारची दुपार दिली. मी चिडले. त्या म्हणाल्या, "बरंच झालं, ज्यांना ऐकायचंय तेवढेच येतील," आणि टिपणं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

बुधवारी अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. ताईंनी आवाज न चढवता एकेक पुरावा मांडला. एका रोमन इतिहासकारानं येशूला रोमन सुभेदाराच्या हुकमानं मारल्याचं लिहिलंय. त्याला ख्रिस्ती लोक मुळीच आवडत नव्हते, आणि त्यानं लिहिलं ते कित्येक दशकांनंतर. एका यहुदी इतिहासकारानं येशूच्या भावाचा उल्लेख केलाय. त्याच्याच दुसऱ्या उताऱ्यात मात्र पुढे कोणीतरी हात फिरवलेला दिसतो, म्हणून तो जपून वापरायचा. सगळ्यात जुनी म्हणजे एका अनुयायाची पत्रं, त्यात तो त्या भावाला प्रत्यक्ष भेटल्याचं सांगतो. काश्मीरच्या गोष्टीला त्या काळाजवळचा काहीच आधार नाही.

मागून नीलकंठ म्हणाला, "मॅडम, त्याच्या नावाचा एखादा शिलालेख?" हा रेल्वेत इंजिनीअर, गप्प बसणारा नव्हेच.

"नाही. सुभेदाराच्या नावाचा सापडलाय. सुताराच्या मुलाचं नाव दगडावर कोण कोरणार?"

"मतलब, पक्कं काही नाही."

"होऊन गेला आणि क्रूसावर मारला गेला, एवढं बहुतेक इतिहासकार मानतात, मीही मानते. तो देव होता की नाही, ते इतिहासाला विचारू नका. त्याला ते येत नाही."

मग आभार मानायला भय्यासाहेब उठले. त्यांचे आभार लांबतात, म्हणून दोघं-तिघं चपला शोधायला लागले. पण ते माइक घेऊन ताईंकडे वळले.

"आमचे मूळपुरुष," ते म्हणाले, "लढाईत हरले होते. कुंभाराच्या घरी लपून त्यांनी माती तुडवली. मी ते कुलवृत्तांतातून काढून राहिलो होतो. आता ठेवतो." मग म्हणाले, "ताईंचे आभार."

चपला शोधणारे तिथेच उभे राहिले. नीलकंठनं आधी टाळी वाजवली.

खाली चहाच्या टेबलाशी भय्यासाहेब ताईंजवळ आले. चेहरा हलका झाला होता. "मग ताई, आमचे मूळपुरुष झाले ना पक्के?"

"एका गोष्टीवर पक्कं होत नाही," ताईंनी कप खाली ठेवला. "त्या कुंभाराचे वंशज अजून गढ्यातच आहेत. त्यांच्या घरी काय सांगतात, ते विचारलं का कधी?"

"अहो, ते कशाला आता..."

"उद्या सकाळी जाऊ. तुम्ही येता, की मी एकटी जाऊ?"