उपाशी ठेवायचे होते ते उंदीर

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. एरवी त्याला माझं सगळं कळतं, फ्रिजमधला पेढा कोणी खाल्ला तेसुद्धा. पण ही नाही. आईला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? खरंच कळत नाही.

मी बनारसची. दुर्गाघाटाच्या गल्लीत आमचं मराठी घर; बाबा बालाजी घाटावर श्राद्धपक्षाचं करतात. दारातून जाणारा उपाशी जाऊ नये, आणि जगातून जाणारा तर नाहीच – हे आमच्याकडे पोरीबाळींनाही पाठ. आणि मी पीएच.डी.साठी उंदीर मारत होते. बाबा कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मिठाईत घालतात तसला एक पिवळा रंग रोज पोटात गेला तर यकृत सुजतं का, हे मला बघायचं होतं. अर्ध्या उंदरांच्या खाण्यात रंग, अर्ध्यांना साधं खाणं. तीन महिन्यांनी सगळ्यांची यकृतं काढून तोलायची. पोटभर जेवलेल्या उंदराचं यकृत जड भरतं, उपाशी उंदराचं हलकं. म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्यांचंच खाणं काढून घ्यायचं.

ते बनवारीचाचांनी काढलं. उंदीरघर तेच सांभाळायचे – रोजंदारीवर, कित्येक वर्षं. ते कुलूप लावून निघाले तेव्हा मी म्हटलं, माझी वही आत राहिली, चाबी द्या. चाबी कुणाला द्यायची नाही, असा नियम होता. त्यांनी दिली. मला ते बिटिया म्हणायचे.

वही माझ्या पिशवीतच होती. आणि डब्यात दहीभात. सगळ्या पिंजऱ्यांत थोडा थोडा घातला. रंगवाल्यांची भूकच मेलेली, त्यांनी हुंगून सोडला. साधे मात्र पोटभर जेवले – मला केवढं बरं वाटलं! उरलेला भात उचलला, चाबी चाचांना परत दिली आणि मी घरी गेले.

सकाळी साध्या उंदरांची यकृतंही जड निघाली. रंगामुळे फरक पडला की नाही, काही सांगताच येईना. तीन महिने पाण्यात. माझ्या मार्गदर्शक सरांनी पिंजरे बघितले, तर भुशात भाताची शितं! चाचांच्या डब्यात रोज भात असायचा, हे सगळ्यांना माहीत होतं.

"साहब, चाबी तो हमरे पास ही रही," चाचा म्हणाले. माझ्याकडे न बघता. "हमहीं से भूल भइल."

सर म्हणाले, उद्यापासून येऊ नका.

मी तिथेच उभी होते, हातात चिमटा धरून. एक वाक्य बोलायचं होतं – एकच ना? सर ओरडले असते, माझं वर्ष गेलं असतं. मला कुणी काढलं नसतं. हे आज सुचलेलं नाही. तेव्हाही ठाऊक होतं. मी चिमटा धुतला, जागेवर ठेवला आणि माझी नोंद पुरी केली. उंदरांना एक रात्र उपाशी ठेववेना, आणि चाचांच्या घरी चूल कशी पेटते हे मी एकदाही जाऊन पाहिलं नाही. राजघाटापलीकडे तर राहायचे. किती लांब होतं?

प्रयोग पुन्हा केला. मी डॉक्टर झाले. कुणाकडून तरी कळलं म्हणून चाचा आमच्या घरी आले – द्रोणात चार पेढे घेऊन. वाळले होते. उंबऱ्याबाहेरच उभे राहून म्हणाले, "किताब तो दिखावा, बिटिया."

मी प्रबंध त्यांच्या हातात दिला. सावकाश पानं उलटत ते आभाराच्या पानावर थांबले. त्या पानावर सरांचे आभार आहेत, आईबाबांचे आहेत, ज्यांनी जीव दिला त्या उंदरांचेही आहेत. चाचांचं नाव नाही. घातलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, हे कोण?

त्यांनी त्या पानावरून हात फिरवला, प्रबंध कपाळाला लावला आणि परत दिला. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. मला हायसं वाटलं.