रतन सिस्टरच्या ओसरीवर साप

ब्रह्मदेशाच्या लढाईत जखमी सोल्जरांची मलमपट्टी करून आलेली रतन सिस्टर तुंगार्लीला राहायला आली आणि आमच्याकडे आजारी पडायची रीतच बदलली. लोणावळ्याच्या दवाखान्यातली ड्युटी आटोपली की ती घराच्या ओसरीवर फुकट औषध द्यायची. तिच्या हातची गोळी सगळ्यांना चाले, पाणी मात्र जो तो आपापल्या घरून आणी. आमचं सोवळं तापातसुद्धा उतरत नसे.

तिथे आधी येणाऱ्याचा नंबर आधी नव्हता. लढाईत ती शिकली होती, की बोंबलणाऱ्यात अजून जीव असतो. जो गप्प पडलाय त्याला आधी बघायचं. बाजीराव ठेकेदार दाढदुखीने गुरासारखा हंबरत आला, तर त्याला तिने शेवटी बसवलं.

पण आमचे लोक काय कमी इरसाल! आठवड्याभरात ओसरी चिडीचूप. खरूज झालेलासुद्धा डोळे मिटून भिंतीला टेकू लागला. बाजीरावाने तर जीभही बाहेर काढली.

अशाच एका संध्याकाळी वरच्या वाडीतला शिदू बायकोला, हिरीला, घेऊन आला. तिचा गर्भ पडला होता आणि रक्त थांबत नव्हतं. लाजेपायी तो कुणाला काही बोलला नाही, त्याने तिला घोंगडीत गुंडाळून मागे कोपऱ्यात बसवलं.

सिस्टर कामावरून आली, तर ओसरीभर माणसं मेल्यासारखी पडलेली. यातलं खरं कोण? एकेकाची नाडी बघत बसायचं तरी कधी! तिने पिशवी खाली ठेवली आणि ओरडली, "साप! साप!"

काय ती पळापळ! बाजीराव कुंपणावरून उडाला. शिदू तर त्याच्याही पुढे. हिरी तेवढी जागची हलली नाही.

सिस्टरने घोंगडी बाजूला केली आणि आतलं रक्त बघून तिचा चेहराच उतरला.

"पाय चांगले धडधाकट आहेत की तुमचे!" ती कुंपणापलीकडे गरजली. "या, उचला हिला!"

घोंगडीची झोळी झाली, बांबू बाजीरावाच्या खांद्यावर आला. दवाखान्यापर्यंत तो धावत गेला, हे मात्र मानायलाच हवं.

हिरी वाचली. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून तिने सिस्टरला विचारलं, "बाय, साप आला तवा समदी पळाली. माजा नवराबी पळाला. तुमी कशा न्हाई पळाल्या?"

सिस्टरचे डोळे भरून आले. हिरीचं पांघरूण सारखं करत ती म्हणाली, "माझे गुडघे दुखतात गं. पळवत नाही."