पिंपातलं जस्त

टेमघरच्या संघरत्नाचं डोकं जाम सटकलं होतं. तिच्या प्रयोगशाळेत जिवाणू फोडून त्यांचा रस कागदावर वाळवतात. त्यात जिवंत काही उरत नाही, तरी रक्ताचा थेंब पडला की तो रस पोरांच्या वाढीला लागणारं जस्त मोजतो. कमी असलं तर कागद जांभळा, पुरेसं असलं तर पिवळा. आणि दिघाशीच्या पाड्यावर काडीसारख्या हातांच्या पोरांचे सगळे कागद पिवळेधमक! आरोग्य खात्याचे साहेब फोनवर खूश. "गाव ठणठणीत आहे, जस्ताच्या गोळ्या दुसरीकडे पाठवतो."

"डोंबलाचं ठणठणीत!" म्हणत ती पुन्हा तपासायला पाड्यावर आली. तिथल्या देवकीने लेकीला पुढे आणलं, जस्ती पत्र्याच्या नव्या पिंपातून तांब्या भरला आणि तिची बोटं खसाखसा धुऊन ओलीच पुढे केली.

पिंपाचं जस्त बोटांवरून थेंबात उतरत होतं.

"अगं, या पाण्याने कशाला धुतेस?" संघरत्ना खेकसली.

देवकी गोंधळली. "ताय, तुमीच सांगला ना, टोचाच्या आधी हात धुवा. आख्ख्या पाड्यानी याच पाण्यानी धुतलं."

आता खेकसायला स्वतःशिवाय कोणी उरलं नव्हतं. तिने साहेबांना फोन लावला. गोळ्यांची गाडी सकाळीच निघून गेली होती.