मागचा आवाज मागेच राहील

मंडळी, आज सकाळी मी पाठवलेल्या रेकॉर्डिंगबद्दल मुंबईच्या कॅसेट कंपनीतून फोन आला. "जाखडीचे सगळे आवाज समोर आणा हो. रत्नागिरीहून आंबे येतात, चहूबाजूंनी ऐकू येणारा सराउंड साउंड नाही!"

आमच्या कोकणातल्या जाखडी नाचात मृदंगवाला मधे बसतो आणि नाचणारे त्याच्याभोवती फिरतात. म्हणून मी माईकही मधेच ठेवले होते. घरातले दोन कॉम्प्युटर केबलने जोडलेत. एकावर रेकॉर्डिंग वाजतं, दुसरा प्रत्येक आवाज त्याच्या दिशेला बसवतो, अगदी साध्या हेडफोनवरसुद्धा. हे जमवायला पंधरा दिवस गेले.

दुपारी आमचे मृदंगवाले तात्या आले. मी त्यांना हेडफोन लावून दिला. डोळे मिटून ऐकता ऐकता ते एकदम मागे वळले.

"काय झालं, तात्या?"

"डावीकडं मागं कोण रे तो? पाय उशिरा टाकलान! थांब, उद्या धरतोच त्याला."

मागे नुसती भिंत होती.

मी लगेच कंपनीला कळवलं, आवाज हलणार नाहीत. काम गेलं तर जाऊ दे.

तुम्हीच सांगा, तात्यांना रिंगणातून उठवून प्रेक्षकांत बसवलं, तर ती जाखडी राहील का?