वाकड्या खांबाचा क्लब

ऑस्ट्रेलियातल्या एका नदीकाठच्या फुटबॉल क्लबाचा साद्यंत इतिहास सांगणारा माणूस त्या काळी उभ्या सौदी अरेबियात एकच होता, आणि माझं नशीब असं की तो माझ्या बायकोचा सख्खा मामा होता. खरं म्हणजे असे दोघे होते. पण दुसरा त्या क्लबातच लहानाचा मोठा झालेला असल्यामुळे त्याविषयी बेताचंच बोलायचा. मामांनी ऑस्ट्रेलिया नकाशापलीकडे पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांच्यावर असलं कसलंच बंधन नव्हतं.

मामा मूळचे कुडाळकडचे आणि अल खर्जच्या एका डेअरीत रेफ्रिजरेशनचे फोरमन. बाहेर वाळवंटातलं ऊन आणि आत दुधाचं शीतगृह, या दोहोंच्या दारात त्यांचं आयुष्य गेलेलं. परिणामी भर उन्हाळ्यातही त्यांच्या खांद्यावर एक तपकिरी स्वेटर असे. दर गुरुवारी संध्याकाळी ते रियाधला, अल मलाझमधल्या आमच्या फ्लॅटवर येत. लबनच्या, म्हणजे तिथल्या ताकाच्या, चार बाटल्या टेबलावर ठेवत, बूट काढत, चहाचा पहिला घोट घेत आणि विचारत, "खयपर्यंत इलंव आपण?" आम्ही कुणीच उत्तर देत नसू. मग ते समजुतीने पहिल्यापासून सुरुवात करत.

हा इतिहास त्यांना मिळाला कॉलिनकडून. कॉलिन डेअरीतल्या वासरांच्या विभागाचा प्रमुख. तो आला तेव्हा त्याचा सावळा रंग आणि कुरळे केस बघून मेसमधल्या आचाऱ्याने त्याच्याशी सरळ मल्याळममध्ये बोलायला सुरुवात केली, आणि तो उत्तर देत नाही म्हणून 'शिष्ट आहे' असा शेरा मारला. तो ऑस्ट्रेलियाच्या मूळच्या लोकांपैकी, हे कळायला कामगारांच्या कॅम्पला आठवडा लागला. मामांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं, कारण मामा कुणालाही पहिल्या पाच मिनिटांत 'गाव कुठलं' हे विचारल्याशिवाय सोडत नसत. कॉलिनने गाव सांगितलं, गावाबाहेरची नदी सांगितली, नदीपलीकडची वस्ती सांगितली. मामांनी चहा मागवला. ती त्यांची मैत्री पुढे चार वर्षं चालली.

तर इतिहास असा. नदीच्या अलीकडे गाव, पलीकडे या मूळच्या लोकांची वस्ती. त्यांना गावाच्या क्लबात खेळू देत नसत. तेव्हा कॉलिनच्या आजोबांच्या पिढीने नदीकाठची झाडं तोडून चार खांब उभे केले आणि स्वतःचा क्लब काढला. बायकांनी पिठाच्या पोत्यांच्या जर्स्या शिवल्या. पोरं अनवाणी खेळली, पहिल्या वर्षी सगळे सामने हरली, आणि तिसऱ्या वर्षी गावाच्याच क्लबाला हरवून कप घेऊन नदीपलीकडे गेली. मग लीगने नाना नियम काढून त्यांना बाहेर ठेवलं, ती आपापसात खेळत राहिली, आणि पुष्कळ वर्षांनी पुन्हा आत आली. एवढं सांगायला तुम्हाआम्हाला दहा मिनिटं पुरतील. मामांना तीन गुरुवार लागत. त्यात नदी वाढे, पूर येई, आणि कॉलिनची आजी छत्री घेऊन मैदानाच्या कडेकडेने पंचाच्या मागे धावे. ही आजी पुढे पुढे 'आपली आजी' झाली होती. ती पंचाला नेमकं काय म्हणाली, हे मामा चक्क मालवणीत सांगत, आणि ते आमच्या मुलीच्या कानावर पडू नये म्हणून बायको तिला आत पाठवी.

वस्तीला खेळू देत नव्हते, या जागी मामांचा आवाज हमखास चढे. "मूळ मानकरी ते! गाव तेंचो, नदी तेंची, देव तेंचो, आणि मैदानात पाय ठेवचो नाय? पालखीक मानकऱ्यांकच हात लावूक देणत नाय, म्हणजे काय झाला?" एकदा इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, नूतनीकरणासाठी जवाजात कचेरीच्या रांगेत उभे असताना मागच्या सुदानी गृहस्थाला ते हेच सांगू लागले. त्या गृहस्थाला मालवणी येत नव्हती आणि मामांना अरबी जेमतेम, पण त्याने 'हराम, हराम' म्हणून मान हलवली. मामा दोन आठवडे त्याचं कौतुक करत होते.

खेळाचे नियम मात्र मला कधीच नीट कळले नाहीत. चेंडू लांबट, कोवळ्या कोहळ्यासारखा. खांब चार, मधले दोन उंच आणि कडेचे दोन ठेंगणे. मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर सहा गुण. नेम चुकून चेंडू बाजूच्या फटीतून गेला किंवा मधल्या खांबाला लागला, तरी एक गुण! या शेवटच्या नियमावर मामांचा जीव जडला होता. "जावयबापू, चुकला तरी येक गुण! असो खेळ दुनियेत खय असा?" हा नियम त्यांनी आमच्या संसारालाही लावला. बायकोची पुरणपोळी तव्यावर फाटली की 'येक गुण'. मी टॅक्सीवाल्याला चुकीचा पत्ता सांगून जवळपास आणून सोडलं की 'येक गुण'. मुलगी गणितात काठावर पास झाली तेव्हाही त्यांनी तेच जाहीर केलं. तेव्हा बायको म्हणाली, "मामा, तुम्ही आता गप्प बसा."

क्लबाच्या त्या पहिल्या चार खांबांपैकी मधला एक वाकडा होता. तोडलेलं झाडच वाकडं, दुसरं मिळेना, म्हणून तोच उभा केला, आणि पुढे पैसे आले तरी बदलला नाही. ही गोष्ट कळल्यापासून मामांना चैन पडेना. शीतगृहामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी जुन्या पाइपांचे चार खांब उभे करायचं ठरवलं आणि वेल्डरला सांगितलं, यातला एक वाकडा कर. वेल्डर मुलतानचा, वीस वर्षांचा अनुभव. तो हातातली पट्टी खाली ठेवून म्हणाला, "उस्तादजी, मैं टेढ़ा काम नहीं करता." मामांनी त्यालाही इतिहास सांगितला. तिसऱ्या दिवशी वेल्डरने डोळे मिटून पाइप वाकवला, पण त्या कामाबद्दल तो मामांशी कितीतरी दिवस धड बोलला नाही.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एका गुरुवारी मामा आले, बूट काढले, चहा प्यायले आणि काहीच बोलले नाहीत. पुढच्या गुरुवारीही तेच. बायकोने आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून ब्लडप्रेशरची लक्षणं विचारून घेतली. शेवटी मीच, आयुष्यात कधी वाटलं नव्हतं असं, विचारलं, "मामा, क्लबाचं काय?"

क्लबाचं वाईट होतं. कॉलिनच्या काकांचा फोन आला होता. तरणी पोरं कामासाठी शहरांत पांगली होती, टीम भरत नव्हती. येत्या मोसमात पुरेसे खेळाडू उभे राहिले नाहीत तर लीग क्लबाचं नाव काढून टाकणार होती, आणि उरलेली पोरं जाणार होती गावाच्या त्याच क्लबात, ज्याने आजोबांना दारात उभं केलं नव्हतं. पोरं परत गोळा करील असा माणूस एकच होता, आणि तो अल खर्जमध्ये वासरांना दूध पाजत होता. कॉलिनचं दोन वर्षांचं कंत्राट बाकी होतं, पगार चांगला होता. त्याने मामांना विचारलं होतं, काय करू?

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"अजून काय नाय सांगलंय," मामा म्हणाले. मग कपाकडे बघत, "आमचो कबड्डीचो क्लब होतो गावात. मी कप्तान. मी पयलो इलंय हयसर. मग एकेक करून माझ्या मागना सगळेच इले. आता त्या मैदानात गुरां चरतत."

त्यांच्या त्या क्लबाविषयी चार वर्षांत त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं. कॅम्पमध्ये मामांना ज्याच्याशी मनातलं बोलता येई असा माणूस एकटा कॉलिन होता, हे आम्हाला माहीत होतं. तो गेला तर संध्याकाळी खोलीत हे आणि त्यांचा स्वेटर. पुढच्या गुरुवारी दारातच, बूट काढायच्या आधी, मामांनी सांगितलं, "सांगलंय तेका, जा म्हणून." इंग्रजीत काय सांगितलं, तेही त्यांनी म्हणून दाखवलं, "हियर ओन्ली काऊ. देअर पोस्ट इज वेटिंग." मला त्या वेळी मामांचा फार अभिमान वाटला, आणि त्यांच्यासाठी फार वाईटही वाटलं.

कॉलिनच्या निरोपाला मामांनी सामना ठेवला. एका शुक्रवारी, असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर, कोकणातले फिटर विरुद्ध पंजाबी ड्रायव्हर. दोन्ही बाजूंना मिळून नियम माहीत असलेला माणूस एकच, आणि तो पाहुणा. मला खास बोलावणं होतं. गोलपंचाने पांढरा कोट घालून खांबामागे उभं राहायचं आणि गोल झाला की दोन निशाणं, चुकला की एक निशाण हलवायचं, अशी तिकडची रीत. मामांनी दूधतपासणीच्या प्रयोगशाळेतला कोट आणि मेसमधले दोन टॉवेल माझ्या हातात दिले. "जावयाचो मान," ते म्हणाले. मी कोट चढवला.

सामना सुरू होण्याआधी मामांनी सगळ्यांना गोल उभं केलं आणि चपला काढल्या. आमच्याकडे काही मोठं काम असलं की आधी देवाला गाऱ्हाणं घालतात. तिथे नारळ फोडायची सोय नव्हती, असलं काही उघड्यावर चालतही नसे. मामांनी तो लांबट चेंडूच दोन्ही हातांत नारळासारखा धरला आणि सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, नदीपलीकडच्या जागेवाल्या!"

"व्हय म्हाराजा!" फिटर ओरडले.

"तुझ्या लेकराचो क्लब आज अडचणीत इलो हा..."

"व्हय म्हाराजा!"

"ज्यांनी तेंका भायर ठेवल्यानी, तेंच्याच दारात जावची पाळी तेंच्यार आणू नको..."

"व्हय म्हाराजा!" या वेळी पंजाबी ड्रायव्हरही ओरडले. त्यांना अर्थ कळला नव्हता, पण जोर आवडला होता.

"तेंका पोरां मिळांदेत, पोरांचे पाय शाबूत रवांदेत, आणि आमच्याकडना काय चुकला-माकला आसात, तर तेचो येक येक गुण तरी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात डेअरीच्या सौदी मुदीरांची, म्हणजे मॅनेजरसाहेबांची, पिकअप येऊन उभी राहिली. काच खाली करून त्यांनी हे काय चाललंय म्हणून विचारलं. "प्लॅनिंग, मुदीर," मामा चेंडू छातीशी धरून म्हणाले. मुदीरांनी चारी खांबांकडे पाहिलं, वाकड्या खांबाकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि 'यल्ला', चालू द्या, म्हणून गाडीतच बसून राहिले. कॉलिन मामांना एवढंच म्हणाला, की आमच्याकडेही खेळाआधी घरातलं मोठं माणूस त्या जागेशी बोलतं, फक्त एवढ्या मोठ्याने नाही. मग तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

सामन्याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. ड्रायव्हरांनी आम्हाला धुतलं. शेवटी शेवटी चेंडू मामांच्या हाती आला. पन्नाशी उलटलेल्या त्या माणसाने स्वेटरसकट धावत येऊन अशी काही लाथ घातली, की चेंडू सरळ गोलाकडे निघाला आणि बरोबर त्या वाकड्या खांबावर आपटला. खांब सरळ असता तर सहा गुण होते. कडेला उभा असलेला वेल्डर दोन्ही हात वर करून ओरडला, "मैंने पहले ही बोला था!" मी एक टॉवेल हलवला. मामा मात्र कप जिंकल्यासारखे मैदानभर नाचत होते.

कॉलिन गेला. मामांचे गुरुवार चालू राहिले, पण आता ते कमी बोलत. कधी फोन आला की सांगत, पोरं जमतायत, अजून तीन कमी आहेत, काकांच्या ट्रकमधून दोघांना आणलं. मोसम सुरू होईपर्यंत पुढचं कळलं नाही. त्या आठवड्यात इकाम्याच्या कामासाठी ते शुक्रवारी रात्री आमच्याकडेच राहिले होते. शनिवारी, म्हणजे तिथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, सकाळी सातला, आम्ही चहा घेत असताना, त्यांचा मोबाइल वाजला. तिकडे तेव्हा दुपार. कॉलिन 'ऐक' एवढंच म्हणाला. मामांनी स्पीकर लावून फोन टेबलावर, लबनच्या बाटलीला टेकवून ठेवला.

आधी नुसता वारा ऐकू आला. मग पुष्कळ माणसांची कुजबूज. मग कॉलिनचा आवाज, मोडकातोडका, पण घसा फोडून, "बा देवा म्हाराजा!" आणि त्यावर वीसएक तरण्या पोरांचा, कधी कोकण न पाहिलेल्या पोरांचा एकदम आरडा, "व्हय म्हाराजा!" कुणीतरी खो खो हसलं, शिट्टी वाजली आणि फोन बंद झाला.

आमची मुलगी दप्तर घेऊन दारात उभी होती. "आजोबा, योर टीम विल विन, ना?"

"उभी रवली गो," मामा म्हणाले. "आता हारली तरी चलात." त्यांनी स्वेटरच्या बाहीने चष्मा पुसला, आणि इतक्या हळू आवाजात की ते आम्हाला सांगत होते की स्वतःला ते कळलं नाही, म्हणाले, "आमच्या गावात असो आवाज देणारो कोण उरलो नाय."

पुढच्या गुरुवारी ते आले. चार बाटल्या टेबलावर ठेवल्या, बूट काढले, चहाचा पहिला घोट घेतला आणि आमच्याकडे न बघता, सवयीने विचारलं, "खयपर्यंत इलंव आपण?"

"मामा," मी म्हणालो, "आज तुमच्या कबड्डीच्या क्लबाचं सांगा. अगदी पहिल्यापासून."