मी न लिहिलेले उत्तर

बारा जून, सकाळी दहा वाजून वीस मिनिटे. तोपर्यंत हे मी कोणालाही सांगितले नव्हते — पत्नीलासुद्धा नाही. आता तुम्हाला सांगतो.

मी कायद्याचा प्राध्यापक. लातूरला शिकवले, निवृत्तीनंतर नांदेडला राहतो. माझा प्रबंध कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेतील स्त्रीच्या संमतीवर होता. त्यातले एक वाक्य विद्यार्थी अजून उद्धृत करतात : भेटलेल्या प्रत्येक स्त्रीने स्वेच्छेने संमती दिली होती. त्या सकाळी सारिका नावाची संशोधक विद्यार्थिनी घरी आली. तिला मूळ प्रश्नावल्या पाहायच्या होत्या. मी काढून दिल्या. एक समोर धरून तिने विचारले, "सर, या बाई स्वतः बोलल्या होत्या का?"

काय सांगणार होतो?

प्रबंधासाठी प्रश्नावल्या भरत फिरलो, तेव्हाचे लोह्याजवळचे गाव. ओसरीवर त्या बाईचा नवरा बसला होता. "साहेब, मलाच इचारा. तिला काय कळतंय?" मी त्यालाच विचारत गेलो — बहुतेक घरांत तसेच केले होते. आतून बाई म्हणाली, "हाव, माझ्या पोटाचं मला सोडून समद्यांला कळतंय!" नवरा हसला. मीही हसलो. तेव्हा ती दारात आली. माझ्याकडे बघत म्हणाली, "लिवा साहेब — टेबलावर निजवल्यावर अंगठा घेतला. मला कुणी इचारलंच न्हाई."

मी ऐकले. स्पष्ट ऐकले. आणि लिहिले काय? — ‘संमती : स्वेच्छेने.’

प्रबंध देण्याची मुदत जवळ आली होती? होती. पण त्यामुळे नव्हे. निष्कर्षाचे प्रकरण त्या गावी जाण्यापूर्वीच लिहून झाले होते — ते मला बदलायचे नव्हते.

सारिकाला हे सर्व सांगितले. तिने ती प्रश्नावली खाली ठेवली. मग म्हणाली, "सर, तुमचं ते वाक्य मी माझ्या प्रबंधात चार ठिकाणी घेतलंय."

"काढून टाक. का काढले तेही लिही — माझ्या नावासकट."

तिने वही उघडली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितले, ती उतरवत गेली. इतक्या वर्षांत प्रथमच श्वास पुरा आला — याहून नेमके मला सांगता येत नाही. त्या बाईला याचा काही उपयोग नाही, हेही ठाऊक आहे.

सारिका गेल्यावर विद्यापीठाच्या ग्रंथपालांना पत्र लिहिले : प्रबंधातील तो निष्कर्ष खोटा आहे, ही नोंद प्रतीला जोडावी. पोस्टात जाऊन पत्र रजिस्टर केले. पावती खिशात ठेवली आणि ऑटोने घरी आलो.