हंड्यांच्या चित्राचा नंबर

डोंबिवलीत आमच्या कॉलनीने शाळेतल्या मुलांची चित्रकला स्पर्धा घेतली, तिचा मी परीक्षक होतो. चित्रांवर नावं नव्हती. पाण्याच्या रांगेतल्या हंड्यांचं चित्र सर्वांत सरस होतं. माझी नात घरी सारखे हंडे काढायची. हे तिचंच समजून, पक्षपात नको म्हणून मी त्याला दुसरा नंबर दिला.

नावं उघडली, तर हंडे जवळच्या दिवा गावातल्या एका मुलीचे आणि पहिली आलेली माझी नात! मी निकाल तसाच जाहीर केला.

परवा त्या मुलीला भेटून सगळं सांगितलं.

ती हसत सुटली. “असू दे हो, आजोबा! पहिल्याला शब्दकोश होता, मला रंगपेटी मिळाली. पण माझं चित्र सर्वांत सरस होतं, हे लिहून द्याल? आमच्या बाई म्हणालेल्या, हंडे वाकडे आलेत.”

तिथेच लिहून दिलं.